जुन्या गाडीची तब्येत तिच्या कागदांत वाचा

सुरगाण्याच्या एका वाचक भगिनीचा प्रश्न या महिन्यात आमच्याकडे आला आहे. त्यांचे पती उंबरठाण, बाऱ्हे, बोरगाव अशा आठवडे बाजारांत तयार कपड्यांचे दुकान लावतात. माल आतापर्यंत भाड्याच्या जीपमधून जात होता. आता सासूबाईंना तपासणीसाठी वरचेवर नाशिकला न्यावे लागते, म्हणून घरात गाडी घ्यायचे ठरले आहे. पतीच्या मोठ्या मामूंची २०१२ सालची डिझेल गाडी विकायची आहे. साठवलेले पैसे आणि दोन बांगड्या मोडून आलेली रक्कम, एवढीच पुंजी. भगिनी लिहितात, "गाडी बाहेरून चांगली दिसते. मामूंनी कागदांची एक पिशवी दाखवली, पण ती उघडून बघायला आमच्या घरात सगळ्यांना संकोच वाटतो. घरच्याच माणसाचे कागद काय तपासायचे, असे सगळे म्हणतात. त्या कागदांतून गाडीची खरी हालत कळते का, आणि ते मागणे बरे दिसते का?"

प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही महत्त्वाचे आहेत. सुरगाणा तालुक्यात गाडी ही हौसेची वस्तू नाही. नाशिकचा मोठा दवाखाना गाठायचा तर वणी, दिंडोरी मागे टाकत जावे लागते. २०२२ च्या अखेरीस याच तालुक्यातल्या सीमेवरच्या गावांनी रस्ते आणि दवाखान्यांच्या सोयी नाहीत म्हणून "आम्हाला गुजरातेत घाला" अशी मागणी केली होती, ती राज्यभर गाजली. अशा भागात पावसाळ्याच्या रात्री घाटात बंद पडणारी गाडी घेणे म्हणजे पैशांबरोबर माणसाचा जीवही पणाला लावणे. म्हणून आधी कागदांचे बघू, मग मामूंना कसे विचारायचे ते.

आपल्याकडे तपासणी होते तरी किती?

ब्रिटनमध्ये गाडी ३ वर्षांची झाली की दरवर्षी तिची सक्तीची तपासणी होते. तिला एमओटी म्हणतात. गाडी कधी नापास झाली, कशामुळे झाली, किती मैल धावली होती, पुढे कशावर लक्ष ठेवायचे, हे सगळे नोंदले जाते, आणि गाडीचा नंबर टाकला की कोणालाही ते पाहता येते. जपानमध्येही नव्या गाडीची पहिली तपासणी ३ वर्षांनी आणि मग दर २ वर्षांनी होते.

आपल्याकडे खासगी गाडीला असे काही नाही. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांसाठी होते. ती संपताना आरटीओत गाडी दाखवावी लागते आणि पास झाल्यास पुढची ५ वर्षे मिळतात. मधल्या १५ वर्षांत तिचे ब्रेक, स्टिअरिंग, पाटे पाहणारी सरकारी तपासणी नसते. मामूंची गाडी २०१२ ची आहे, म्हणजे तिची पहिली खरी परीक्षा २०२७ मध्ये होणार आहे.

मग इतिहास कुठे शोधायचा? तो तुकड्यातुकड्यांत विखुरलेला असतो: आरसी, पीयूसी, विम्याच्या पॉलिसी आणि सर्व्हिसची बिले. हे चार गठ्ठे करा, प्रत्येक गठ्ठा तारखेप्रमाणे लावा आणि तीन गोष्टी शोधा. कुठे खंड पडला? कुठे आकडा अचानक उडाला किंवा मागे गेला? आणि गाडी कोणत्या गावात राहिली? शेवटच्या एका कागदावर "वैध" लिहिले आहे यावर समाधान मानू नका. एक कागद एका दिवसाचा असतो. दहा कागद ओळीने लावले की गाडीची चाल दिसते.

पीयूसी: धुराचा दाखला

पीयूसी म्हणजे धुराची तपासणी. नव्या गाडीला पहिले वर्ष ती लागत नाही. त्यानंतर भारत स्टेज ४ किंवा त्यापुढच्या गाडीला वर्षातून एकदा आणि त्याआधीच्या मानकाच्या गाडीला दर ६ महिन्यांनी ती करावी लागते. स्टेज ४ देशभर लागू झाले ते एप्रिल २०१७ पासून. २०१० पासून ते फक्त मुंबई, पुण्यासारख्या मोठ्या शहरांत होते. त्यामुळे २०१२ मध्ये आपल्या भागात विकलेल्या पुष्कळ गाड्या स्टेज ३ च्या आहेत. तुमची गाडी कोणत्या मानकाची आहे हे प्रमाणपत्रावरच लिहिलेले असते.

बहुतेक लोक पीयूसीवरची फक्त मुदत बघतात. खरा उपयोग मधल्या आकड्याचा आहे. डिझेल गाडीचा धूर एचएसयू या एककात मोजतात. स्टेज ४ च्या आधीच्या गाडीला कमाल मर्यादा ६५ आणि स्टेज ४ च्या गाडीला ५०. काही प्रमाणपत्रांवर हीच गोष्ट दुसऱ्या मापात असते, तिथे मर्यादा अनुक्रमे २.४५ आणि १.६२ दिसेल. समजा, तीन वर्षांपूर्वी आकडा ३८ होता, मग ४७ झाला, आता ६१ आहे. तिन्ही वेळा गाडी पासच झाली, पण ती कुठे चालली आहे हे कळते. एअर फिल्टर तुंबला असेल, इंजेक्टर खराब झाले असतील किंवा इंजिनच थकले असेल. फिल्टर शे-दोनशेत बदलतो, इंजेक्टर आणि इंजिन हजारांत जातात. म्हणून कारण मेकॅनिककडून काढून घ्या, मगच किंमत बोला.

पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बनचे आकडे असतात. स्टेज ४ ला मर्यादा ०.३ टक्के आणि २०० पीपीएम. स्टेज २ आणि ३ ला ०.५ टक्के आणि ७५० पीपीएम.

पीयूसीवर केंद्राचे नावही असते. "गाडी कायम वणीतच होती" असे सांगितले जात असेल आणि पाच वर्षांच्या पीयूसी सुरतेच्या असतील, तर गाडी कुठे राहिली ते समजले. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीचा खालचा पत्रा नीट पाहायलाच हवा. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: पीयूसी ब्रेकबद्दल, टायरबद्दल, चॅसीबद्दल एक शब्दही सांगत नाही. ताजी पीयूसी दाखवून "गाडी पास आहे" असे कोणी म्हणाले, तर फक्त धूर पास आहे असे समजा.

विम्याची पॉलिसी: न बोललेला अपघात

विम्याच्या जुन्या पॉलिसी फार लोक सांभाळत नाहीत, पण त्या सापडल्या तर सोन्यासारख्या आहेत. पूर्ण विमा असेल तर त्यावर नो क्लेम बोनसचा टक्का छापलेला असतो. पहिले वर्ष दाव्याशिवाय गेले की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षे दावा नसेल तर ५०. गाडीच्या नुकसानीचा दावा केला की तो शून्यावर येतो.

मालक तोच आहे, २०१७ मध्ये बोनस ४५ टक्के आहे आणि २०१८ मध्ये एकदम शून्य, तर त्या वर्षी काही घडले. अपघात झाला असेल, किंवा पॉलिसी संपून ९० दिवसांच्या वर गेले असतील, तरीही बोनस जातो. म्हणून शून्य दिसल्याबरोबर आरोप करू नये, कारण विचारावे. अपघात असेल तर दुरुस्तीचे बिल मागावे. बंपर आणि दिवा बदलणे वेगळे, चॅसी सरळ करणे वेगळे.

दाव्याचा महिनाही पाहा. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला महापूर आला. त्या दिवसांत त्या भागात असलेल्या गाडीवर दावा झाला असेल तर ती पाण्यात होती का, हे स्पष्ट विचारा. पाण्यात बसलेली गाडी धुऊन पुसून नवी दिसते, पण तिचे वायरिंग वर्षभराने त्रास देऊ लागते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहिलेली असते. सीटखालच्या पट्ट्यांचा गंज आणि कार्पेटखालचा चिखलही खोटे बोलत नाही.

केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर त्यात यातले काही दिसणार नाही. विमा मध्येच तुटून पुन्हा पूर्ण विमा घेतला असेल, तर कंपनी आधी गाडीची पाहणी करून फोटो काढते. तो पाहणीचा कागद मिळाला तर मिटरचा आकडा आणि गाडीवरचे जुने मार त्यात दिसू शकतात.

सर्व्हिसची बिले आणि मिटर

मिटर मागे फिरवणे ही या धंद्यातली जुनी लबाडी आहे. ती पकडायला यंत्र लागत नाही, तारीख आणि किलोमीटर एका वहीत ओळीने लिहिले की पुरे. समजा, मार्च २०१९ च्या बिलात ८२,००० आहे, जून २०२१ च्या बिलात १,०४,००० आहे आणि आज मिटर ९१,००० दाखवते. आता बोलायला काही उरले नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे गाडीच्या नंबरावरून जुन्या नोंदी असतात. मालकाला सोबत घेऊन गेल्यास किंवा त्यालाच मागायला सांगितल्यास त्या मिळू शकतात. गावच्या गॅरेजची बिले, बॅटरीची आणि टायरची पावतीही चालते. त्यावर तारीख असते, कधीकधी किलोमीटरही असतात.

कुरआनात मापात मारणाऱ्यांवर एक संपूर्ण सूरह आहे, सूरह मुतफ्फिफीन. घेताना पुरेपूर घेणारे आणि देताना कमी देणारे यांना तिच्यात कडक इशारा आहे. तराजूचा काटा दाबणे आणि गाडीचा काटा मागे नेणे यात आम्हाला फरक दिसत नाही.

बिलांत कामाचा प्रकारही वाचा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, टायमिंग बेल्ट, कूलंट या गोष्टी ठरावीक काळाने बदलाव्याच लागतात. त्या कुठेच दिसत नसतील तर तो खर्च आता तुमच्या वाट्याला आहे. याउलट एकच काम पुन:पुन्हा दिसत असेल, म्हणजे दर चार-सहा महिन्यांनी कूलंट भरलेले किंवा तापल्याची तक्रार, तर दुखणे जुने आहे. घाटातल्या गाडीला हे परवडत नाही.

पिवळ्या पाटीची जीप असेल तर

बाजारवाले अनेकदा प्रवासी जीप किंवा छोटा टेम्पो घेतात. या वाहनांचा इतिहास वाचणे सोपे असते, कारण त्यांना फिटनेस म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो ते करावेच लागते. २०१८ च्या शेवटी झालेल्या नियमबदलानंतर वाहन ८ वर्षांचे होईपर्यंत दर २ वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. बारा वर्षांच्या जीपचे सगळे पासिंग ओळीने लावा. मध्ये दीड वर्षाचा खंड असेल तर दोनच शक्यता आहेत: गाडी बंद पडून होती किंवा पासिंगशिवाय धावत होती. दोन्ही गोष्टी किमतीत उतरायला हव्यात.

पण शिक्का म्हणजे सर्व काही नाही. गाडी नीट न तपासताच फिटनेस दिला जातो, या तक्रारीवर पुण्याचे श्रीकांत कर्वे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली होती. ब्रेक तपासायला आरटीओंकडे २५० मीटरचा चाचणी मार्ग हवा असे न्यायालयाने बजावले आणि २०१७ मध्ये राज्य सरकारने या प्रकरणात अनेक अधिकाऱ्यांना निलंबितही केले. त्यामुळे जुन्या शिक्क्यांकडे थोडे सावधपणे बघा. आता यंत्राने तपासणी करणारी केंद्रे आली आहेत, नाशिकलाही आहे. तिथे रोलरवर चाक फिरवून डाव्या आणि उजव्या बाजूच्या ब्रेकची ताकद वेगवेगळी मोजतात. अशा केंद्रातून गाडी गेली असेल तर नुसते प्रमाणपत्र न पाहता चाचण्यांचा निकालही मागा. दोन बाजूंच्या ब्रेकमध्ये जास्त फरक असलेली गाडी ओल्या उतारावर एका अंगाला ओढते.

खासगी म्हणून विकली जाणारी गाडी आधी टॅक्सी होती का, हेही बघा. पाटी पांढरी झाली तरी तिने जेवढे किलोमीटर खाल्ले ते खाल्लेच.

सीमेपलीकडची गाडी

सुरगाण्याहून वाघई, वांसदा, धरमपूर जवळ. त्यामुळे जीजे-१५, जीजे-२१, जीजे-३० अशा पाट्यांच्या गाड्या आपल्याकडे स्वस्तात दाखवल्या जातात. घेऊ नये असे नाही. पण दुसऱ्या राज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर इथे नव्याने नोंदणी करावी लागते. तिकडच्या आरटीओची ना-हरकत लागते आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो कर मिळवल्यावर स्वस्ताई कितपत उरते ते आधी मोजा. दिल्लीकडच्या गाड्यांचेही तसेच आहे. १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर तिथे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी आणली. तेव्हापासून तिकडच्या गाड्या इतर राज्यांत स्वस्तात येत राहिल्या.

गाडीत सीएनजी किट असेल तर टाकीची दाबाची तपासणी दर ३ वर्षांनी झालेली असायला हवी आणि किटची नोंद आरसीवर हवी. तारीख उलटून गेली असेल तर तपासणी होईपर्यंत त्या गाडीत मुलांना बसवू नका.

कागद आणि गाडी जुळवून पाहा

कागदांचा अर्थ लागला की गाडीपुढे उभे राहा. आरसीवरचा चॅसी नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर शोधून जुळवा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. मिटर ४०,००० दाखवते आणि चारही टायर दुसऱ्यांदा बदललेले आहेत, तर विचारा. काचांवरही बनावटीच्या सालाच्या खुणा असतात. एकच काच वेगळ्या सालची असेल तर ती का बदलली ते समजून घ्या. सुरगाण्याच्या पावसात गाडी अनेक वर्षे उभी राहिली असेल तर दारांच्या खालच्या कडा, चाकांवरची कमान आणि पायाखालचा पत्रा बोटाने दाबून बघा.

मग गाडी थंड असताना स्वतः चालू करा. आधीच तापवून ठेवलेली असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल आणि पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या. काळा धूर असेल तर पीयूसीचा चढता आकडा आठवा. नंतर बोरगावहून हतगडाच्या चढाला गाडी घेऊन जा. चार माणसे बसवून चढताना ताप किती चढतो, क्लच घसरतो का, आणि उतरताना ब्रेक कसे धरतात, हे सपाट रस्त्यावर कळत नाही. सोबत तुमचा मेकॅनिक असू द्या. विकणाऱ्याचा मेकॅनिक चांगला माणूस असला तरी तो त्यांचा असतो.

१५ वर्षांचा हिशोब

२०१२ ची गाडी स्वस्त का असते, याचे एक कारण २०२७ आहे. नोंदणीच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून कारसाठी ५,००० रुपये आहे. २०२५ पासून २० वर्षांवरच्या कारला ती १०,००० झाली. मुदत उलटल्यावर अर्ज केला तर दर महिन्याला ५०० रुपये जादा. त्यावर राज्याचा पर्यावरण कर. मुदत संपण्याआधी ६० दिवसांपासून अर्ज करता येतो. पण खरा खर्च फीचा नाही, गाडी पास होण्याजोगी करण्याचा आहे: पत्रा, ब्रेक, टायर, दिवे. मेकॅनिकला आत्ताच विचारा, "उद्या ही गाडी आरटीओत उभी केली तर काय काय करावे लागेल?" त्याने सांगितलेली रक्कम मामूंच्या किमतीत मिळवा. जो आकडा येईल ती गाडीची खरी किंमत.

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी सुरक्षित नंबर प्लेट बसवली आहे का, बँकेचा बोजा आरसीवरून उतरला आहे का, चलने बाकी आहेत का, हे व्यवहाराआधी तपासा. एम-परिवहन अॅपवर नंबर टाकल्यास विमा, पीयूसी आणि नोंदणीची मुदत घरबसल्या दिसते.

मामूंना विचारायचे कसे?

आता दुसरा प्रश्न. घरच्या माणसाकडे कागद मागणे म्हणजे त्याच्यावर संशय घेणे, अशी आपल्या घरांत समजूत आहे. दीन आपल्याला वेगळे शिकवतो. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याची आणि खरेदी-विक्रीला साक्षीदार ठेवण्याची शिकवण आहे. तिथे घरच्यांना सूट दिलेली नाही. लिहून ठेवल्याने नाते टिकते, तोंडी राहिले की आठवणी बदलतात.

प्रेषित मुहम्मद (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तो आत ओला लागला. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. मग ते ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्यांनी विचारले आणि फसवणूक करणारा आपल्यातला नाही असे बजावले. ही हदीस आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. जुनी गाडी विकताना तिचा ऐब सांगणे म्हणजे ओले धान्य वर ठेवणे. मामूंनी कागदांची पिशवी आपणहून दाखवली आहे, याचा अर्थ त्यांना लपवायचे नाही. ती न उघडणे हा संकोच तुमचा आहे. शरीअतमध्ये तर घेणाऱ्याला हक्कच आहे: आधीपासूनचा लपलेला दोष नंतर उघड झाला तर वस्तू परत करता येते, याला खियारे ऐब म्हणतात. पण दोष सांगितला आणि तुम्ही तो मान्य करून घेतला तर नंतर तक्रार उरत नाही. म्हणजे दोष आधी सांगण्यात मामूंचेही रक्षण आहे.

आणि मामूंसाठी आणखी एक मोठे कारण आहे. गाडी दिली, पैसे घेतले, नाव बदलायचे राहून गेले, असे नात्यात सर्रास होते. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केले की आरटीओच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक. त्या प्रकरणात गाडी एकामागून एक अनेक हातांत गेली होती. २००९ मध्ये अपघात झाला, त्यात एका मुलाचा जीव गेला आणि भरपाईची जबाबदारी कागदोपत्री मालक राहिलेल्या पहिल्या माणसावर आली. त्याने गाडी केव्हाच विकून टाकलेली होती.

म्हणून तुमच्या पतींनी मामूंकडे जाऊन सरळ म्हणावे, "मामूजान, गाडी तुमची आहे म्हणून मन निश्चिंत आहे. पण नाव बदलताना सगळे कागद लागणार आणि उद्या काही झाले तर तुमच्यावर बोट येऊ नये असे आम्हाला वाटते. सगळे कागद एकदा बसून लावू या. आणि गाडीला काही दुखणे असेल तर आत्ताच सांगून ठेवा, आम्ही ते धरूनच घेऊ." आम्हाला वाटते, एवढ्याने कोणी दुखावणार नाही. दुखावलेच, तर पैसे देण्याआधी दुखावलेले बरे, कारण नंतरचा अबोला वर्षानुवर्षे चालतो.

व्यवहार ठरला की इसारपावतीवर गाडीचा नंबर, चॅसी नंबर, मिटरचा आकडा, सांगितलेले दोष, किंमत आणि ताबा दिल्याची तारीख आणि वेळ लिहा. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. फॉर्म २९ आणि ३० त्याच दिवशी भरा. कोऱ्या फॉर्मवर सही घेऊन ठेवू नका आणि देऊही नका. त्याच राज्यात विक्री असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमा कंपनीलाही १४ दिवसांत कळवा, नाहीतर तुमच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. मामूंचा नो क्लेम बोनस मात्र तुमच्याकडे येणार नाही, तो माणसाचा असतो.

भगिनी, तुमच्यासाठी आमचे म्हणणे असे: या आठवड्यात पिशवी मागून घ्या, एका वहीच्या पानावर तारीख, कागद, किलोमीटर आणि आकडा असे चार रकाने आखा आणि स्वतः भरा. हे काम पुरुषांनीच करायचे असे नाही, घरखर्चाची वही लिहिणाऱ्या हाताला ते चांगले जमते. पान भरले की मेकॅनिकला दाखवा. खंड आणि उड्या यांची कारणे पटली, चढावर गाडी टिकली आणि २०२७ चा खर्च किमतीत बसला, तर बिस्मिल्लाह म्हणून घ्या. यातले एकही जमत नसेल तर आणखी चार महिने जीपचे भाडे भरा. बांगड्यांचे पैसे पुन्हा पुन्हा येत नाहीत.

घ्याल तेव्हा तीच वही पुढे चालू ठेवा. सरकार आपल्या गाडीची वर्षावर्षाची नोंद ठेवत नसेल, तर आपण ठेवावी. पुढे कधी गाडी विकायची वेळ आली, की ती वही घेणाऱ्याच्या हातात द्या. सौदा सरळ होईल आणि इन्शाअल्लाह त्या पैशात बरकतही राहील.